चौथ्या ओळीखालची जागा

तुमच्या घरी आज भरून ठेवलेल्या पिण्याच्या पाण्यात काय काय विरघळलेलं आहे, हे तुम्हांला माहीत आहे का? नसेल. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण तुमच्या गावात सायन्सचं कॉलेज असेल, दर उन्हाळ्यात तिथले पदवीधर पेढे वाटत असतील, तर त्यांच्यापैकी एकाला तरी हे शोधून सांगता येईल का?

हा प्रश्न माझा नाही. सोलापुरात आम्हांला केमिस्ट्री शिकवणाऱ्या सरांचा आहे. ते तो कुठेही विचारत. लग्नाच्या पंगतीत विचारत, सलूनमध्ये अर्धी दाढी झालेली असताना विचारत. हॉटेलात पोऱ्यानं पाण्याचे ग्लास आपटले की सर ग्लास उजेडाकडे धरत आणि म्हणत, "नळाचं का बोअरचं?" पोऱ्या म्हणे, "पाण्याचं." सर त्यावर खूश होत. म्हणत, "हा प्रामाणिक आहे. जे माहीत नाही ते सांगत नाही."

शुक्रवार पेठेत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. तिथे पाहुणा आला की काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, आतूनच ओरडत, "बसा हो, आधी पाण्याचा रिपोर्ट येईल, मग पाणी येईल!"

सरांची खरी ओळख म्हणजे त्यांचा सदरा. मुळात तो पांढरा मांजरपाटाचा होता. बाजारात नवा रंग आला की सर त्याचा रुपयाएवढा एक चौकोन त्या सदऱ्यावर उमटवत. खांद्यावर लाल, खिशाखाली मोरपंखी, पाठीवर तपकिरीच्या चार छटा. दर रविवारी सदरा एकाच साबणानं धुतला जाई, एकाच दोरीवर वाळे, आणि सोमवारी सर तो घालून वर्गात येत. कुठला चौकोन उडाला, कुठला शेजारच्यावर उतरला, ते फळ्यावर लिहीत. कॉमर्सची पोरं त्यांना "ठिगळ सर" म्हणत. काकू म्हणत, "बायका नवऱ्याचा सदरा धुतात, मी यांचा प्रयोग धुते."

आम्ही एकदा विचारलं, "सर, हे कशाला?" सर म्हणाले, "सोलापूर कशावर जगतं बे?"

"चादरीवर, सर."

"चादर कशावर जगते?"

आम्ही सुतापासून हातमागापर्यंत सगळी उत्तरं देऊन पाहिली.

"रंगावर. आणि रंग आता झाडातून येत नाही, मुंबईहून डब्यातून येतो. दर वर्षी नवा डबा. त्याच्यावरचं लेबल ज्याला वाचता येत नाही, तो कारखान्याचा मालक असला तरी डब्याचा हमालच. आणि ते लेबल वाचायला शिकवायचं कुणी? आपण. आपण काय शिकवतो? आपल्या आज्याच्या डब्यावरचं लेबल."

मी तेव्हा पत्रकं लिहीत असे. हातावर शाई, डोक्यात क्रांती. सरांचं हे वाक्य मी लगेच पत्रकात घातलं. "विद्यापीठांनो, जागे व्हा!" असं वर मोठ्या टाइपात. छापून आल्यावर अभिमानानं सरांना नेऊन दिलं. त्यांनी ते उभ्यानंच वाचलं आणि लाल पेन्सिलीनं खाली शेरा मारला: 'विशेषणं भरपूर. मागणी कुठाय?'

"सगळी व्यवस्थाच बदलली पाहिजे, सर," मी म्हणालो.

"बदल की. पण सोमवारी सकाळी कॉलेजात येऊन पहिली कुठली गोष्ट बदलू, ते लिही. क्लार्कला हातात घेता आली पाहिजे अशी मागणी कर."

तेव्हा मला ते भित्र्या मास्तराचं बोलणं वाटलं होतं.

पितृपक्ष आला की सर अभ्यासक्रमाचं श्राद्ध घालत. आमच्या पुस्तकात सोडा तयार करण्याची एक जुनी पद्धत होती. ती वापरणारे कारखाने जगात कुठेच उरले नव्हते. पण विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात ती टुणटुणीत होती. सर ती समीकरणं फळ्यावर लिहीत, भोवती निधनाच्या बातमीसारखी चौकट काढत आणि स्वतःच्या डब्यातल्या दहीभाताचा गोळा प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवत. मग सगळा वर्ग कावळ्याची वाट बघे.

कावळा गुलमोहरावर बसून मान वाकडी करून बघे, पण येत नसे.

"इच्छा राहिलीय बिचाऱ्याची," सर हळहळत.

"काय इच्छा, सर?"

"परीक्षेत सक्तीचा प्रश्न म्हणून यायची." मग खिडकीशी जाऊन हात जोडून म्हणत, "येशील रे बाबा, यंदाही येशील. शंभर वर्षं येशील. विद्यापीठ समर्थ आहे." कावळा झेप घेई आणि वर्ग बाकं बडवे. आमच्या वर्षी तो प्रश्न खरोखर सक्तीचा आला.

एका सोवळ्या प्राध्यापकांनी प्राचार्यांकडे तक्रार केली, की हा धर्माचा अपमान आहे. सर म्हणाले, "मेलेल्याला जिवंत म्हणून वर्गात बसवणं हा अपमान. मी त्याला रीतसर निरोप देतोय." कावळ्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. ते म्हणत, "कावळ्याला भूक कळते, इच्छा कळत नाही."

इथवर वाचून तुम्हांला वाटेल, गमत्या माणूस होता. होताच. पण त्या गमतीखाली एक गोष्ट त्यांना आतून पोखरत होती, आणि ती आम्हांला एका पुडीमुळे कळली.

आमच्या वर्गात लक्ष्मी होती. वर्गात पहिली यायची. घरी तेलुगू बोलायची, वर्गात मराठी आणि जर्नलमध्ये मोत्यासारखं इंग्रजी लिहायची. तिचे वडील नरसय्या पूर्व भागात सूत रंगवून देत. दुष्काळात त्यांची जुनी विहीर आटली तेव्हा त्यांनी अंगणात बोअर मारली. पाणी लागलं. पण त्या पाण्यात लाल सूत डागी निघू लागलं. एकाच लडीत एक हात लाल, एक हात विटकरी. विणकर लडी परत आणून टाकू लागले. नरसय्यांच्या वडिलांपासून चालत आलेला हाताचा अंदाज, चिमटीतलं माप, उकळीचा वास, यातलं काही कामी येईना. ते रंगाच्या व्यापाऱ्याशी भांडले, "डबा नकली हाय." कामगार बदलला. भट्टीवर लिंबू-मिरची टांगली.

सर सायकलवर तिथे गेले. म्हणाले, "पाणी जड आहे. सोडा घाला."

नरसय्यांनी सोडा घातला. डाग कमी झाले, गेले नाहीत.

"काय वो सर," नरसय्या म्हणाले, "तुमचा सोडा तर अर्धाच शिकलेला हाय."

सरांना ते लागलं. पाण्यात आणखी काहीतरी आहे हे त्यांच्या लक्षात आलं. पण एक अडचण होती, आणि ती त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. रंग दिसत, पण काचेच्या नळीत नितळ पाण्यात पांढरा साका धरला की नाही, हे त्यांना दिसेनासं झालं होतं. म्हणून त्यांनी ते काम ज्यांचे डोळे चांगले आहेत त्यांना द्यायचं ठरवलं. म्हणजे आम्हांला.

आता आमच्या प्रॅक्टिकलची रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आम्हांला एका पुडीत पांढरी पूड मिळे. तिच्यातले घटक शोधायचे. त्यासाठी लागणाऱ्या, सडक्या अंड्यांच्या वासाच्या वायूनं सगळा मजला घमघमे. विद्यापीठाच्या नियमानं त्या पुडीत चारच घटक असत, दोन धातूंच्या जातीचे, दोन आम्लांच्या जातीचे. उत्तराचा छापील तक्ता मिळे, त्यात चार रिकाम्या ओळी. चार ओळी भरल्या की हात धुवायचे. आमच्या आधीच्यांनी असंच केलं होतं, आणि सरांनीही आम्हांला असंच शिकवलं होतं.

सरांनी नरसय्यांच्या बोअरचं पाणी घागरीनं आणून आटवलं. तळाशी उरलेला पांढरा खार खरवडून त्याच्या पुड्या बांधल्या. काही न सांगता त्या आम्हांला दिल्या. सांगितलं असतं तर आम्ही उत्तर आधी ठरवून टाकलं असतं, असं त्यांना वाटलं.

आम्ही नेहमीप्रमाणे काम केलं. तक्ते दिले. सर एकेक तक्ता डोळ्यांजवळ नेऊन वाचत होते आणि त्यांचा चेहरा उतरत होता. सगळ्या वर्गाला चार घटक सापडले होते. बरोबर दोन आणि दोन. कुणाला तीन नाहीत, कुणाला पाच नाहीत.

"हे सोलापूरचं पाणी आहे," सर शेवटी म्हणाले. "पूर्व भागातलं. ते बनवताना निसर्गानं तुमच्या विद्यापीठाला विचारलं होतं का बे, ओळी किती ठेवू म्हणून?"

त्यांनी तक्त्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला.

"कॅल्शियम आहे, ते मला ठाऊक आहे. लोह आहे. पुढे कोण गेलं?"

लक्ष्मी उभी राहिली. "सर, मी पुढची नळी केली होती."

"मग?"

"पांढरा साका आला होता."

"मग लिहिलं का नाहीस?"

"दोन धातू आधीच झाले होते, सर. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. म्हणून ओतून टाकलं."

"कुठे?"

तिनं बेसिनकडे बोट दाखवलं. मग एकदम तिच्या ध्यानात आलं. "सर, पूर्व भागातलं म्हणजे कुणाच्या इथलं?"

सरांनी कोपऱ्यातल्या घागरीकडे मान वळवली. ती खाली बसली आणि ओढणीचं टोक दातात धरून फळ्याकडे बघत राहिली.

सर तिच्याजवळ जाऊन म्हणाले, "रडू नको. तुझी नजर चुकली नाही, हात चुकला नाही. तुला खरं दिसलं होतं आणि तू ते खोटं मानलंस, कारण तक्त्यात जागा नव्हती. हे मी शिकवलंय तुला. ऊठ. परत कर. आणि आता चार झाले म्हणून थांबू नको."

तिनं परत केलं. सगळा वर्ग तिच्याभोवती जमला. नळीत ढगासारखा पांढरा साका धरला. "आला सर!" आम्ही ओरडलो. सरांना तो दिसत नव्हता हे आम्हांला तेव्हा कळलं, कारण ते नळीकडे न बघता लक्ष्मीच्या तोंडाकडे बघत होते.

ते मॅग्नेशियम होतं. त्याला नुसता सोडा पुरत नाही, चुन्याची निवळीही लागते. सर आणि लक्ष्मी त्याच संध्याकाळी नरसय्यांकडे गेले. आधी नरसय्या ऐकेनात. "चुना पानाला लावत्यात वो सर, सुताला न्हाय." लेकीनं तेलुगूत काहीतरी सुनावलं तेव्हा चुना आणायला उठले. पाणी निवळलं, भट्टी लागली. दुसऱ्या दिवशी दोरीवर लाल लडी एकसारखी वाळत होती. नरसय्यांनी ती दोन्ही हातांत ताणून पाहिली आणि म्हणाले, "आता अंदाज कुणाचा चालंना झालाय. माझा न्हाय, तुमचा बी न्हाय. दोगं मिळूनच चालतंय वाटतं."

माझ्या मते त्या काळात सोलापुरात उच्च शिक्षणावर झालेलं सगळ्यांत शहाणं भाषण तेच.

त्यानंतर सरांनी हट्टच धरला. मागणी लहान होती, क्लार्कला हातात घेता येईल अशी. प्रत्येक कॉलेजात निदान एक प्रॅक्टिकल असं असावं, की ज्यातला नमुना त्या गावातून आणलेला असेल. आणि तक्त्यात चौथ्या ओळीखाली कोरी जागा असावी. बस. त्यासाठी ते दोन वर्षं विद्यापीठाच्या खेपा घालत राहिले. त्यांच्या निवृत्तीआधी हे झालं तर झालं, नाहीतर पुढचे मास्तर पुन्हा चारच मोजायला शिकवणार, एवढी एकच धास्ती त्यांना होती.

अखेर विद्यापीठानं समिती पाठवली. प्राचार्यांनी बजावलं होतं, "सर, त्या दिवशी तरी पांढरा शर्ट." सर म्हणाले, "पांढराच आहे तो. खाली." आणि ठिगळांचा सदराच घालून आले. नरसय्यांना त्यांनी साक्षीला बोलावलं होतं. ते धुतलेलं धोतर नेसून, रंगलेले हात मागे लपवून खुर्चीच्या कडेवर बसले. मी दारात होतो. या वेळी माझ्या पत्रकात एकही विशेषण नव्हतं. 'चौथ्या ओळीखाली जागा द्या', एवढंच.

समितीचे अध्यक्ष सज्जन होते. हे मुद्दाम सांगतो, कारण खलनायक असता तर मला लिहायला सोपं गेलं असतं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "पाठ्यपुस्तक कोणतं नेमायचं?"

"नाही नेमायचं. नमुना दर वर्षी बदलेल."

"इतक्या कॉलेजांची परीक्षा एका दिवशी असते, सर. तुमच्या सोलापूरचं पाणी मी दुसऱ्या जिल्ह्यातल्या पोराला कसं देऊ?"

"त्याला त्याचं द्या."

दुसरे एक सदस्य हसून म्हणाले, "आणि तपासायला काय रंगारी बसवणार? ते ग्रॅज्युएट आहेत का?"

नरसय्या उठून उभे राहिले. "आमी न्हाय वो साहेब. पोरगी होतीय. पण लाल डागी पडलं तर आमाला ग्रॅज्युएट नसताना बी दिसतंय की."

अध्यक्षही हसले. मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. "समजा, नमुना गावातून आला. त्यात किती घटक आहेत ते कुणालाच माहीत नाही. मग बरोबर उत्तर काय, हे परीक्षकाला कसं कळणार?"

सर म्हणाले, "त्यालाही शोधावं लागेल."

मी समितीच्या तोंडांकडे बघत होतो. राग नव्हता तिथे, भीती होती. परीक्षा घेणाऱ्याला उत्तर माहीत नसणं, ही कल्पनाच त्यांना सहन होत नव्हती. चहा घेताना अध्यक्ष सरांच्या खांद्यावरच्या लाल चौकोनावर हात ठेवून हळूच म्हणाले, "तुमचं बरोबर आहे हो. पण हे बसवायचं कुठे?"

"चौथ्या ओळीखाली," सर म्हणाले.

नकार आला. अभ्यासक्रम नुकताच सुधारलेला असल्यानं तूर्त बदल शक्य नाही, असं. सुधारलेल्या अभ्यासक्रमात सोड्याची ती मेलेली पद्धत होती. सर कुणाशी भांडले नाहीत. त्या सोमवारी त्यांच्या सदऱ्यावर नवा चौकोन नव्हता, एवढंच. त्यानंतर कधी उमटलाही नाही.

निवृत्तीनंतर ते घराच्या ओट्यावर बसत. लोक बाटल्यांतून पाणी आणत. डोळ्यांचं ऑपरेशन लांबवत राहिले. म्हणत, "पोरांचे डोळे वापरायची सवय लागू दे मला." लक्ष्मी त्याच कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर झाली. रविवारी ती ओट्यावर सरांसाठी नळ्यांत बघे, आणि सोमवारी कॉलेजात नव्या पोरांना चार ओळींचा तक्ता वाटे. मी तिला एकदा चिडून म्हणालो, "तू तरी वाटू नको." ती म्हणाली, "तक्ता विद्यापीठाचा आहे. मी वाटला नाही तर दुसरं कुणी वाटेल. मी निदान वाटताना सांगते, की पाचवी नळी करून बघा."

सर गेल्या उन्हाळ्यात गेले. दहाव्याला आम्ही सगळे होतो. पिंड ठेवला, मागे सरलो, आणि मला खात्री होती की कावळा शिवणार नाही. इतकी मोठी इच्छा मागे राहिलेला माणूस गावात दुसरा नव्हता. कावळा रुसेल, मग आम्ही पुढे होऊन शपथ घेऊ, असं मी मनात मजकुरासकट ठरवून आलो होतो.

कावळा आला आणि लगेच शिवला. आम्ही पुरते मागेही सरलो नव्हतो.

काकूंनी डोळे टिपले. "तृप्त गेले," एक नातेवाईक म्हणाले. लक्ष्मीनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. नरसय्या हळूच म्हणाले, "तृप्त कशाचं वो. सोलापूरचा कावळा हाय, भुकेला असंल."

सरांचंच म्हणणं होतं ते. कावळ्याला भूक कळते, इच्छा कळत नाही. तेव्हा हे काम कावळ्यावर सोडून चालणार नाही. ते मी तुमच्यावर सोडतो आहे, आणि सरांच्या शिकवणीप्रमाणे सोमवारी सकाळी करता येईल एवढंच मागतो आहे. एक बाटली घ्या. तुमच्या विहिरीचं, बोअरचं, नळाचं, रंगभट्टीचं, जे असेल ते पाणी तिच्यात भरा. जवळच्या कॉलेजात जा, केमिस्ट्रीचा वर्ग विचारा आणि म्हणा, यात काय आहे ते शोधून द्या. शोधून दिलं तर त्या मास्तरांना नमस्कार सांगा. 'हे अभ्यासक्रमात नाही' असं म्हणाले, तर भांडू नका. तेच वाक्य एका कार्डावर लिहून बाटलीच्या गळ्यात बांधा आणि बाटली विद्यापीठाच्या दारात नेऊन ठेवा.

दारात जागा उरणार नाही इतक्या बाटल्या झाल्या, की तक्त्यात होईल.